आज्याचा धोंडा

हिंगोलीची छावणी बघायची रायभानला काही हौस नव्हती. मेंढरं सोडून चुडावा गावाबाहेर पडायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पण पाळण्यातला भुजंग तापानं फणफणत होता, आणि त्याच्या आधीची दोन लेकरं अशाच तापात हातची गेली होती. म्हणून पौषातल्या अमावास्येला सकाळच्या गाडीनं तो निघाला. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. रायभान आमच्या वडिलांच्या उठण्याबसण्यातला माणूस, तेव्हा गालात हसू नका.

त्याला धाडलं होतं त्याच्या चुलतीनं, मनकर्णाबाईनं. रायभानचा आजा लिंबाजी हिंगोलीला गोऱ्यांच्या छावणीत मोतद्दार होता, घोडी सांभाळायचा. एक घोडं लंगडलं म्हणून कुणा साहेबानं त्याला तबेल्यापुढच्या चिंचेला बांधलं आणि मरेपर्यंत चाबकानं फोडून काढलं. मरताना ना घरचं पाणी, ना घरची माती.

"त्यो घरी यायला बघायलाय, म्हनून लेकरं धरायलाय," म्हातारी म्हणाली. "चिंचंखालचा धोंडा आन, त्येच्या रगताचा. वाटंत भुईवर ठिवू नको, बोलू नको, मागं बघू नको. कुनी का हाक मारंना."

पूर्णेला गाडी बदलून रायभान हिंगोलीला पोचला. छावणी कधीच उठली होती. बंगल्यांची छपरं खाली आलेली, तबेल्यात बाभळी माजलेल्या. चिंच मात्र उभी होती आणि बुंध्याशी एक काळपट धोंडा. रायभानला भडभडून आलं. धोंडा घोंगडीत बांधून तो तोंड मिटून निघाला. तोच मागून कुणी म्हातारा ओरडला. छावणीचा राखणदार होता तो, पण हे कळलं फार उशिरा.

"आरं, ठिव त्यो! तुमच्या मानसाचं रगत मातीत जिरलं. त्या धोंड्यानं बाकीच्या मोतद्दारांनी सायबाचं डोस्कं ठेचलंय!"

रायभाननं शब्द न् शब्द ऐकला. पण अशा कामात भुतं माणसाच्या आवाजात हाका मारतात, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. त्यानं मागं पाहिलं नाही. घात झाला तो तिथंच.

चुडाव्याला उतरला तेव्हा अंधार पडला होता. वस्तीच्या वाटेवर मागून बुटांचा आवाज यायला लागला. आणि त्या बुटांच्याही मागं, लांबवर, अनवाणी पावलं. धावत आल्यासारखी. त्यानं मान वळवली नाही.

घरी धोंडा पाळण्याच्या उशाशी मांडला. मनकर्णाबाईनं शेंदूर लावला, आज्याला लेकरू सांभाळायला सांगितलं. रायभानच्या बायकोनं, भिवराबाईनं, आजा आल्याची पावलं उमटावीत म्हणून उंबऱ्याबाहेर ओलं सारवण घातलं आणि आतून कडी लावली.

दिवा विझला.

आधी मेंढरं ओरडली. मग चाबकाचे सटकारे... एकेक ओरड बंद होत गेली.

मग बूट दाराशी. कडी वाजली नाही. दार उघडलं नाही.

बूट आत होते.

पहिला फटका मनकर्णाबाईच्या गळ्यावर बसला. ती ओरडलीसुद्धा नाही. दुसऱ्यानं रायभानच्या पाठीचं कातडं सोलून नेलं. समोर कुणी नव्हतं. नुसता दारूचा आणि घोड्याच्या घामाचा वास. बूट पाळण्याकडे वळले. रायभान पाळण्यावर पालथा पडला.

"मला मार," तो म्हणाला. "लेकराला नगं."

फटका.

फटका.

रक्त पाळण्यात ठिबकायला लागलं...

तेवढ्यात अनवाणी पावलं. धावत, थेट आत. काहीतरी भिंतीवर आदळलं. हाड मोडलं. मग गळा आवळल्यासारखी घरघर, किती तरी वेळ...

मग काहीच नाही.

उजाडलं तेव्हा मनकर्णाबाई थंड पडली होती. मेंढवाड्यात सगळी मेंढरं सोललेली, हे मागाहून दिसलं. भुजंगचा ताप मात्र उतरला होता. रायभान वाचला. त्याची पाठ आमच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिली होती, नांगरलेल्या वावरासारखी.

तो धोंडा नदीत टाकून यावा म्हणून भिवराबाईनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. सारवणावर बुटांचे ठसे होते, आत आलेले. त्यांच्यावरूनच अनवाणी पायांचे, तेही आत आलेले.

बाहेर गेलेला ठसा एकही नव्हता.