काठावरची पृथ्वी

चंद्राच्या मागच्या बाजूला दहा वर्षं काढलेल्या माणसाला घरी जायचं तर आधी काठावर जावं लागे. काठ म्हणजे पुढची बाजू संपून मागची सुरू होते ती जागा. चंद्र जरासा डुलतो, त्यामुळे महिन्यातले काही दिवस तिथून पृथ्वी दिसते. मनगटाला ‘ओढपट्टी’ बांधायची, पृथ्वीकडे बघायचं आणि तळावर परतल्यावरच पट्टी सोडायची. काळीज धडधडलं तर पट्टी हिरवी होणार, तिकीट मिळणार. ज्यांची ओढ आटली त्यांना परत धाडत नसत; असे लोक खाली माणसांत वेडेपिसे होतात, असा अनुभव होता.

भूशास्त्रज्ञ मृदुला टिपणीस अकरा वर्षांनी निघाली होती. सात वर्षांची असताना मागे ठेवलेली लेक ऋजुता आता अठराची झाली होती आणि फोनवर ‘आई, ये’ एवढंच म्हणत होती.

गाडी चालवणारे धायगुडे लोणंदचे. बोलल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

“बाई, पुढनं बघितलं तर चंद्राला काळं डाग, अन् मागनं नुसतं खड्डंच. असं का वो?”

“चंद्र जन्मला तेव्हा पृथ्वी लालबुंद तापलेली होती, आणि अगदी जवळ. तिच्याकडे तोंड असलेली बाजू शेकत राहिली. पाठ आधी निवली, तिथलं कवच जाड झालं. पुढचं पातळ कवच फुटून लाव्हा वर आला, तेच काळे डाग. मागे तो आतच राहिला, असं आम्ही मानतो.”

“म्हंजी तोंड फिरवलं की कातडं जाड हुतंय.”

मृदुला हसली, पण ते तिला लागलं.

काठावर पृथ्वी वर आली, अर्धी, निळी. दर खेपेला बघूनही धायगुड्यांचे डोळे भरून आले. मृदुलाने ऋजुताचं नाव घेतलं, तिचं बोबडं बोलणं आठवून पाहिलं. पट्टी ढिम्म. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“फिरवा गाडी,” ती म्हणाली.

पृथ्वी टेकाडाआड गेली. समोर तेच ओळखीचे खड्डे, तीच शांतता, जिथे तिला कुणी हाक मारत नव्हतं. उद्यापासून हे दिसणार नाही, असं मनात आलं मात्र, आणि तिचं काळीज धडधडू लागलं.

पट्टी हिरवीगार झाली. गाडीतल्या पडद्यावर अक्षरं उमटली : ओढ शाबूत. तिकीट मंजूर.

“जमलं की वो बाई!” धायगुडे ओरडले. “लेक वाट बघतीया!”

मृदुलाने मनगट झाकून घेतलं. ओढ कशाची, हे पट्टीला कळत नव्हतं. ऋजुताला कळायला मात्र फार दिवस लागणार नव्हते.