भिमाजी मास्तरांचं माउथपीस

"कुनी नेलं तेवढं नाव सांगा, मॅडम. हात मोडायचं काम माझं," भिमाजी मास्तर म्हणाले आणि चहा पुढे केला.

शेवगावातल्या बँडचे हे मालक. त्यांच्या क्लॅरिनेटचं माउथपीस, तोंडात धरायचा तुकडा, महिन्यापूर्वी घरातूनच गेलं होतं. उस्तादांनी दिलेलं. दुसऱ्या कशावर मास्तरांचा सूर लागेना, आणि उद्या साखर कारखान्याच्या चेअरमनच्या घरची वरात. सूर फाटला की बँड पुतण्याकडे जाणार, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"कशाचं होतं?" मधुवंतीनं विचारलं. नगरात ती खासगी तपासाची कामं घ्यायची.

"रबराचं."

तिचा मावसभाऊ सुश्रुत दातांचा डॉक्टर. पेशंट नसल्यामुळे तो कुठेही सोबत येऊ शके. त्याच्या डोळ्यांपुढे खोडरबर आलं. "मग वाकत नाही?"

"कडक रबर, डॉक्टर," मधुवंती म्हणाली. "एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की आबनुसाच्या लाकडासारखं काळं, टणक होतं. नावही त्या लाकडावरूनच, इंग्रजीत एबनी. पूर्वी कवळ्या याच्याच करत."

सुश्रुतनं चहात लक्ष घातलं.

पुतण्या रविराज कीबोर्ड वाजवायचा. "काकाच्या क्लारनेटला आता कोन इचारतंय? घरातल्या फळीला हात लावला तरी काकू वरडती. चोरतोय कशाला?"

ढोलवाला छगन सरळ बोलला. "मास्तरनी भर वरातीत माझ्या थोबाडीत दिल्ती. मी नेलं असतं तर नदीत फेकलं असतं."

चोर हाच, असं सुश्रुतनं मनात नक्की केलं.

मास्तरांची बायको चांगुणाबाई कागदाच्या पुडीतून सुपारी घेऊन आली. मागं फळीवर चांदीची पानडबी लखलखत होती.

"डबी सुरेख आहे," मधुवंती म्हणाली.

"बापाची. गेल्या साली वारला, कोल्हारला."

मधुवंतीनं डबी उघडली. रिकामी, आतून काजळासारखी काळी. सुश्रुतनं नाक पुढे केलं, आणि भर उन्हाळ्यात त्याला फटाके आठवले.

मधुवंतीनं सगळ्यांना बसायला सांगितलं.

"डबी रिकामी आणि सुपारी पुडीत. म्हणजे डबीत दुसरं काही होतं. चांदी काळी पडते गंधकानं, वासही त्याचाच. एबोनाइटमधलं गंधक हळूहळू सुटत राहतं. बंद डबीत महिनाभर ठेवलं की हे असं होतं. आम्ही येणार कळल्यावर माउथपीस हलवलं, पण आतून घासायचं राहिलं. छगनला नदी जवळची होती. रविराजला फळीची बंदी. बाहेरून डबी रोज कोण पुसतं, मास्तर?"

मास्तर बायकोकडे बघत राहिले. उठलेला हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"बाप घटका मोजीत हुता," चांगुणाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, कोल्हारला न्या. एकटीला धाडलं न्हाई. म्हनले, वरात उरकली की निऊ. गेलो तवा राख बी गार झाल्ती."

तिनं मधुवंतीच्या हातातून डबी घेतली आणि पदरानं पुसली.

"उद्याची वरात उरकू द्या. मग देते."