रुसलेले तमाल

त्याच्या दाताखाली काहीतरी कडकन वाजलं. ओतिलियानं वळून पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला तो परका तरुण तोंडातून इवलीशी पांढरी बाहुली बाहेर काढत होता.

सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाचा, आत बाहुली दडवलेला गोड पाव होता तो. ओतिलियाच्या खाणावळीत आलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा ठेवला जात होता.

"झालं!" स्वयंपाकात ओतिलियाच्या मदतीला असणाऱ्या चोलेमावशीनं टाळी वाजवली. "बाहुली ज्याला, सगळ्यांना वाफवलेले तमाल त्याच्याकडून! दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी. पळून जाऊ नका हं."

"पळतोय कुठे? महिनाभर इथलेच दगड नशिबी आहेत." तो ओतिलियाकडे बघून हसला, आणि मग उगाचच ताटाकडे बघू लागला.

त्याचं नाव फाउस्तीनो. मक्याच्या गिरण्यांचे दगड बोथट झाले की त्यांना टाकी लावायची, हे त्याचं काम. गावोगाव हिंडायचा, गावोगावच्या खाणावळींत जेवायचा. मक्याची भाकरी, तोर्तिया, मोडून नुसती हुंगली तरी मका घरी चुन्यात भिजवलाय की पीठ पुड्यातलं आहे ते सांगायचा. ट्रकवाले त्याला विचारून जेवायला थांबत. त्यामुळे तो कुठे बसतो, यावर अख्ख्या तेपेत्ला गावाचं लक्ष असे.

ओतिलियाचंही होतं. त्या पहिल्या दिवशी त्यानं तिचं मोले, मिरच्यांचं ते दाट कालवण, अर्धं ताटात ठेवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

आणि चौकापलीकडे, ग्रिसेल्दाच्या खाणावळीत? तिथे तो तोर्तियानं ताट पुसून खायचा! ग्रिसेल्दा लांब डूल हलवत दुसऱ्यांदा वाढायची, वाढताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. ओतिलियाला सगळं दिसायचं.

"आजही उरवलंत?" एके दुपारी तिनं विचारलंच.

"पोट भरलं."

"समोर बरं भरत नाही! तिथे दोनदा वाढून घेता."

"तुम्ही मोजता?"

"मी खिडकी पुसत होते."

"रोज?"

"धूळ रोज येते."

त्यानं बाहेर पाहिलं. डोंगरावरून उतरलेला भुरभुर पाऊस चार दिवस थांबला नव्हता. "या पावसात... धूळ?"

ती ताट उचलून आत निघून गेली. कान तापले होते.

जूनमध्ये आई गेली, तेव्हापासून खाणावळ ओतिलियाच चालवत होती. तीच पातेली, तेच मसाले. गावातले लोक यायचे, जेवायचे, "छान झालंय, पोरी" म्हणायचे... समाचाराला आल्यावर बोलतात तशा आवाजात. आणि पुढच्या रविवारी ग्रिसेल्दाकडे दिसायचे.

जानेवारी सरता सरता तो दारात येऊन उभा राहिला. "तमाल... तुम्ही कराल?"

"ग्रिसेल्दाला का नाही सांगत?"

"बाहुली इथे सापडली."

तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. तरी ती हो म्हणाली.

कांदेलारियाच्या सकाळी मक्याचं पीठ कणसाच्या सालींत गुंडाळून केलेल्या तमालांचं मोठं पातेलं वाफवायला चुलीवर चढलं. दुपारपर्यंत अंगण भरलं. फाउस्तीनोनं ग्रिसेल्दालाही बोलावलं होतं. आल्या आल्या तिनं त्याच्या कॉलरवरची दगडाची भुकटी झटकली. सावकाश. ओतिलियानं चुलीत लाकूड जरा जोरातच सारलं.

तीन तास झाले. मावशीनं झाकण उघडून एक तमाल उलगडून पाहिला. कणसाच्या सालीला पीठ चिकटलेलं, पांढरं, कच्चं.

"जाळ आहे, पाणी आहे," मावशी म्हणाली. "मग कुणाच्या पोटात जळतंय?"

चुलीपाशी कुणी मनात डूख धरला की तमाल शिजत नाहीत, हे तेपेत्लात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मला काही झालेलं नाही," ओतिलिया म्हणाली.

"मी तुझं नाव कुठे घेतलं?"

लाकडांचा भारा घेऊन फाउस्तीनो नेमका तेव्हाच आत आला.

"बोल, आणि पातेल्याभोवती नाच. दुसरा उपाय नाही," मावशीचा आवाज उतरला. "आई गेली तेव्हा रडलीही नाहीस, बाळा. आज निदान भांड."

ओतिलियानं भिंतीकडे तोंड केलं.

"जळते मी. बास? तिच्याकडे तुम्ही ताट पुसून खाता आणि इथे टाकता. गावाला आईच्या हाताची चव हवी आहे, ते मला कळतं. पण तुम्ही तर आईला पाहिलंही नव्हतं. तुम्ही एकट्यानं फक्त माझं खाल्लंत... आणि तेच टाकलंत."

लाकडं खाली पडली.

"टाकलं नाही," तो म्हणाला. "मावशी डब्यात भरून देतात. खोलीवर जाऊन खातो."

"मावशी!"

"मला कशाला ओरडतेस? त्यानं शपथ घातली होती."

"इथे तुम्ही समोर उभ्या राहता," तो कसाबसा बोलत होता, "आणि घास खाली उतरत नाही. माणसाला कुठेतरी जेवावं लागतंच ना... तिथे मला काही होत नाही. म्हणून तिथे जेवतो."

ती हळूच वळली. "आणि मोले?"

"जरा तिखट. हात रागीट आहे तुमचा." मग अगदी हलक्या आवाजात, "पण या डोंगरात इतकं अस्सल मी कुठे खाल्लं नाही."

मावशीनं झाकणावर डाव आपटून ताल धरला. दोघं पातेल्याभोवती अवघडल्यासारखी नाचली. त्याचा तळहात खरखरीत होता, टाकीच्या घट्ट्यांनी भरलेला. एका वळणावर ओतिलियाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

"अगं शिजले का?" अंगणातून ग्रिसेल्दा ओरडली. "की मी येऊ आत?"

"बस तिथेच!" ओतिलिया ओरडली, आणि स्वतःच हसू लागली.

तासाभरानं तमाल सालीपासून अलगद सुटले. ताटं अंगणात गेल्यावर स्वयंपाकघरात दोघंच उरली.

"उद्या जाणार?"

"संध्याकाळी. गिरणीचा शेवटचा दगड सकाळी करायचा राहिलाय."

"टाकी किती दिवस टिकते?"

"नीट लावली, तर तीन महिने."

ओतिलियानं त्याच्या बाहीवरची भुकटी झटकली. सावकाश.

"मग नीट लावू नकोस."