मोरीतली कोरी काच

फोटो गेला होता. काच मात्र जागेवर होती.

फौजदार डार्करूमच्या मोरीपाशी वाकले. मोरीत पांढरा ट्रे, काठोकाठ गार पाण्याने भरलेला. त्यात वहीएवढी काच, आरपार कोरी. शेजारी सोनेरी पूड आणि व्हार्निश कालवायची वाटी. काचेवरचा फोटो धुऊन वाळला की मागून हा सोनेरी हात द्यायचा, मग चेहरा आतून उजळतो.

बाहेर बाकावर शिंपीणबाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी तापाने गेली. मागे एकच जुनी काचेची निगेटिव्ह उरली होती, तीही छापून काढताना तुकडे होऊन पडली. मुलीचा चेहरा आता फक्त या काचेवर होता.

"काच बदलली," फोटोग्राफर म्हणाला. "फोटोची नेली, कोरी ठेवली. विचारा आमच्या धाकट्याला."

धाकटा भाऊ दारात उभा होता. "हो, मीच. उशाला घेऊन झोपलो होतो."

"ही डार्करूम मोडून टाकीन, म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो. गिऱ्हाईक येतंय कुठं, दादा?"

फौजदारांनी हात वर करून दोघांना थांबवलं आणि फोटोग्राफरकडे वळले. "काच पाण्यात कधी ठेवली?"

"काल संध्याकाळी. जेवून पाणी बदलायला येणार होतो, बसल्या जागी डोळा लागला. सकाळी पाहतो तर हे."

"किल्ली?"

"एक माझ्या खिशात, एक स्वयंपाकघरात खिळ्याला. ह्याला ठाऊक आहे."

फौजदारांनी काच उचलली. कोपऱ्यात बारीक चरा होता. "हा कसला?"

"लेप दिला की करतो. अंधारात बाजू कळायला."

"कोऱ्या काचेला करता?"

"तिला कशाला करू?"

"लेप कसला असतो?"

"जिलेटिन, त्यात चांदीचा क्षार. ऊन करून पातळ करायचं, काचेवर ओतायचं. गारठलं की धरून बसतं."

मोरीच्या जाळीत काळसर पापुद्रे अडकले होते. फौजदारांनी एक चिमटीत धरला. बुळबुळीत होता. मग त्यांची नजर टेबलाच्या मेणकापडावर गेली. तिथं एक वाटोळा फोड उठला होता, ताजा.

फोटोग्राफरची बायको चहाची किटली घेऊन आली. फौजदारांनी किटलीच्या बुडाकडे पाहिलं.

"वहिनी, काल ही इथं आणली होती?"

"आणली की." ती अडखळलीसुद्धा नाही. "यांच्या बोटांना भेगा पडल्यात, घास उचलवत नव्हता. परत त्या गारठ्यात हात घालणार म्हणून ट्रेत ऊन पाणी ओतलं. घरात आले तर हे झोपलेले. मग नाही उठवलं."

फौजदारांनी काच परत ट्रेत ठेवली. चोर असता तर बरं झालं असतं, त्याच्या मागे धावता तरी आलं असतं.

"काच बदललेली नाही," ते म्हणाले. "कोपऱ्यात तुमचाच चरा आहे. म्हणजे हिच्यावर लेप होता. जे ऊन करून पातळ होतं, ते ऊन पाण्यात परत सुटतं. फोटो काचेवरून सरकला, ट्रे भरून वाहिला त्यात वाहून गेला. जाळीत आहे तो तोच. सकाळपर्यंत पाणी निवलं, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नाही."

"मला कळायला हवं होतं," फोटोग्राफर भिंतीला टेकत खाली बसला. "मी ह्याच्यावर डोळा ठेवून होतो."

 धाकट्याने वहिनीच्या हातातली किटली काढून घेतली. तिचे हात तसेच धरलेले राहिले.

शिंपीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"परत नाही का होणार?"

"नाही, बाई," फौजदार म्हणाले. तक्रारीचं काय करायचं, तेही त्यांना सुचेना.

"तुम्ही तर पाहिलंत ना तिला?" शिंपीणबाईंनी फोटोग्राफरला विचारलं. "कशी दिसत होती?"

त्याने तोंड उघडलं. "सावल्या छान उतरल्या होत्या. गालावरचा उजेड..." पुढे त्याला सांगता येईना. तो कायम सावल्याच बघत आला होता.

"हसत होती," त्याची बायको म्हणाली.  "पाणी ओतताना पाहिली मी. वरच्या दातांत जरा फट होती. हसू दाबल्यासारखी हसत होती."

 शिंपीणबाई बाकावर जाऊन बसल्या आणि शेजारी हात ठेवला.

"बसा इथं," त्या म्हणाल्या. "अजून काय दिसलं?"