कॅरॅव्हॅनच्या मागच्या खिडकीत

हे ऐकीव नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी नकाशा उघडून बघावा, सगळी गावं सापडतील. रस्ताही अजून तिथेच आहे.

आणि एक आधीच सांगते... हे रात्री घडलं नाही. लख्ख उन्हात घडलं. मला अंधाराची भीती वाटत नाही. दुपारची वाटते.

ऑगस्ट १९८३. मी, जनेल, दहा वर्षांची. शाळेला सुट्टी लागली होती. आम्ही बेंडिगोहून पर्थला मावशीकडे निघालो होतो. तीन हजार किलोमीटरच्या वर अंतर. गाडीत तिघंच. बाबा, आई आणि मी.

गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन जोडलेली. चाकांवरचं छोटं घर. दोन पलंग, एक शेगडी आणि मागे एक रुंद खिडकी.

बाबांनी ती महिन्यापूर्वीच आणली होती. "एचुकाच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली, अगदी स्वस्तात," असं म्हणाले. आईनं हौसेनं पिवळे पडदे शिवले. बाबांनी बाहेरून पांढरा रंग दिला. खिडकीजवळचा पलंग मला मिळाला. मी हवेतच होते.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सेडूना सोडलं. झाडं संपली. नुसतं खुरटं माळरान आणि आभाळ.

आणि मागून आवाज आला...

ठक. ठक. ठक.

"क्लाइव्ह, कपबशा सुटल्या वाटतं," आई म्हणाली.

बाबांनी गाडी थांबवली, आत जाऊन आले. "सगळं जागच्या जागी आहे."

पुन्हा निघालो. पुन्हा तेच. तीन ठोके. मग शांतता. मग तीन ठोके.

"भूत असेल," आई हसत म्हणाली. "म्हाताऱ्यानं फुकट दिलं असेल सोबत."

बाबा हसले नाहीत.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर तपासणी नाका आहे. पलीकडे फळं नेऊ देत नाहीत. आम्ही तिघंही खाली उतरून उरलेली संत्री घाईघाईनं संपवत होतो. तपासनीस कॅरॅव्हॅनमध्ये चढला. दोन मिनिटांत बाहेर आला. दार अगदी हळू लावलं त्यानं.

"काही नाही आत. जा तुम्ही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पोरगी गाढ झोपलीये. नाही उठवली मी."

आई माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातात संत्र्याची साल होती.

"आमची पोरगी ही काय इथे उभी आहे," आई म्हणाली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे. पुन्हा आत जायला त्यानं पाय उचललाच नाही.

"उशीर होतोय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा... कसा सांगू? ते घाबरलेले नव्हते. पकडले गेल्यासारखे दिसत होते.

मदुरा ओलांडलं तेव्हा मागे एक मालट्रक लागला. दोन लांबलचक डबे ओढणारा. त्या रस्त्यावर सगळे रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. आमच्याही गाडीत तो होता.

"ओ पांढरी कॅरॅव्हॅन," रेडिओतून आवाज आला. "मी रेग, तुमच्या मागेच आहे. अहो, पोरीला आत काय बसवलंय? खिडकीतून हात हलवतीये मला. गोड आहे हो. पण पोलिसांनी पाहिलं तर पावती फाडतील हां!"

मी मागच्या सीटवर बसले होते. आईच्या बरोबर मागे.

बाबांनी हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला.

"क्लाइव्ह... काय म्हणाला तो?"

"दारू प्यायलाय. नादी लागू नकोस."

त्या दिवशी आई पुन्हा हसली नाही. केगूनाला मुक्काम केला, तेव्हा तिनं मला तिच्याच पलंगावर, स्वतःच्या कुशीत घेतलं.

सकाळी पेट्रोल भरायला थांबलो. आईचं डोकं ठणकत होतं. गोळी घेऊन ती पुढच्या सीटवर बसली आणि बसल्या बसल्या झोपली.

बाबांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"बाळा, एक काम करशील? थोडा वेळ मागे जाऊन पडशील?"

"पण चालू गाडीत तिथे बसायचं नसतं ना?"

"कोण बघतंय? रस्ता नव्वद मैल नुसता सरळ आहे, एक वळण नाही. तासाभराचा तर प्रश्न. आईला नाही सांगायचं. आपलं गुपित."

"आवाज येतो तिथे, बाबा."

ते माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"तू गेलीस की येणार नाही," ते म्हणाले.

मी गेले. बाबा सांगत होते ना! दहा वर्षांची मुलगी बापाला कशी नाही म्हणणार?

त्यांनी माझ्यासमोर मागची खिडकी बंद केली, खिट्टी दोनदा ओढून पाहिली. बाहेर गेले. दार लागलं. मग कुलपाचा आवाज आला.

गाडी निघाली.

ठोके खरंच थांबले होते.

मी पलंगावर पडून पिवळा पडदा हलताना बघत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं... पडदा हलतोय म्हणजे वारा येतोय.

खिडकी उघडी होती.

वीतभर. खिट्टी सरळ उभी.

मला उठायचं होतं. पण डोकं जड झालं होतं. तोंडात पेट्रोलसारखी चव. पाय हलेनात. आणि झोप येत होती... इतकी गोड झोप मला आयुष्यात पुन्हा कधी आली नाही.

मग पलंग खचला.

कुणीतरी शेजारी येऊन बसल्यावर खचतो तसा.

काखेखालून दोन हात आले. लहान हात. गार. त्यांनी मला उचललं की ओढलं, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. मला एवढंच आठवतं की माझं कपाळ काचेला टेकलं होतं. मागे ट्रकचं मोठं थोबाड होतं. आणि माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेत नव्हतं.

हो, घेत नव्हतं. इतकं जवळ कुणी असलं की श्वास ऐकू येतो. तो येत नव्हता.

पुढचं मला आईनं सांगितलं.

ट्रकचा भोंगा सारखा वाजत होता, त्यानं तिला जाग आली. बाबा नाही नाही म्हणत असताना तिनं रेडिओ लावला. मागे कालचा रेगच होता, ओरडत होता.

"थांबवा! अहो, गाडी थांबवा! दोघी आहेत खिडकीत! एकीची मान पडलीये... दुसरीनं तिला मागून धरलंय!"

आईनं वळून बघितलं. मागच्या सीटवर मी पांघरूण घेऊन झोपले होते.

तिनं पांघरूण ओढलं.

खाली दोन उशा होत्या. एकीला माझी लोकरीची टोपी घातलेली.

"क्लाइव्ह, जनेल कुठाय?"

बाबा समोर बघत राहिले. ब्रेक मारला नाही त्यांनी. हे आई मरेपर्यंत सांगायची. "ब्रेक मारला नाही गं त्यानं." शेवटी तिनंच हँडब्रेक ओढला.

रेगनं पहारीनं कुलूप तोडलं. मला बाहेर काढलं, रस्त्याकडेला आडवं केलं. मला उलटी झाली, मग नीट श्वास यायला लागला. आई माझे गाल चोळत होती. रेग मात्र पुन्हा आत शिरला. पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं.

बाहेर आला तेव्हा त्या धिप्पाड माणसाचे ओठ पांढरे पडले होते.

"दुसरी कुठे गेली?"

मग त्याची नजर उघड्या खिडकीवर गेली.

"मागची खिडकी उघडी ठेवून कोण गाडी हाकतं?" तो बाबांवर खेकसला. "गाडीचा सगळा धूर आत ओढला जातो! अक्कल आहे का?"

"मी बंद केली होती," बाबा म्हणाले. ते खडीवर बसले होते. "या वेळी मी स्वतः बंद केली होती."

आईचा हात माझ्या गालावरच थांबला.

"या वेळी म्हणजे?"

आणि मग त्या उन्हात, तिऱ्हाईत माणसासमोर, सगळं बाहेर आलं.

एचुकाचा म्हातारा नव्हताच. कॅरॅव्हॅन बाबांचीच होती. आईच्या आधी त्यांचं एक लग्न झालं होतं आणि एक मुलगी होती. लॉर्ना. आठ वर्षांची. तिला गाडी लागायची, म्हणून १९७० साली याच रस्त्यावर तिला मागे झोपवलं होतं. हवा यावी म्हणून खिडकी उघडी ठेवून. बॅलाडोनियाला पोचल्यावर दार उघडलं तर पोरगी गाढ झोपलेली. राहू दे, म्हणून तासभर उठवलंही नाही.

तेरा वर्षं कॅरॅव्हॅन काकाच्या शेडमध्ये होती. बाबा दर रविवारी "मासे धरायला" म्हणून घरातून निघायचे. तिथे जायचे. लॉर्नाशी बोलायला.

"हल्ली ती गप्पच बसत नव्हती, मॉरीन," बाबा म्हणाले. "नुसती ठोकायची. मला वाटलं, सोबत मिळाली तर बसेल."

"सोबत?" आई म्हणाली. "माझी पोरगी सोबत म्हणून दिलीस?"

"तिचीही बहीणच आहे ना ती."

आईनं त्यांना मारलं नाही. शिवीही दिली नाही. मला उचललं आणि रेगच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. रेगनं आम्हाला नॉर्समनच्या दवाखान्यात पोचवलं.  वाटभर तो आरशात मागे बघत होता.

आम्ही पर्थलाच राहिलो. आईनं घटस्फोट घेतला. पोलिसांना बाबांनी सांगितलं की पोरगी हट्टानं आत बसली. त्यांनी ते लिहून घेतलं. मला विचारलं तेव्हा मीही मान हलवली.

का हलवली? वाटलं होतं, मी त्यांना सांभाळून घेतलं तर ते मला भेटायला येतील.

ते आले नाहीत. एकदाही नाही. माझ्या लग्नाला नाही, आई गेली तेव्हा नाही. एस्परन्सला समुद्राकाठी कॅरॅव्हॅनसाठी भाड्यानं जागा मिळते, तिथे त्या पांढऱ्या डब्यात राहिले. सव्वीस वर्षं. दोन मुली होत्या त्यांना. त्यांनी एकीबरोबर आयुष्य काढलं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मला फोन आला. दुपारी, जेवणं झाल्यावर. तिथली नवी मॅनेजर होती, डॉट नावाची.

"सॉरी हो, तुमचे वडील परवा हॉस्पिटलात वारले. कागदावर तुमचा नंबर होता."

मी बरं म्हणाले. रडू आलं नाही.

"पण अडचण वेगळीच आहे," ती म्हणाली. "ती छोटी दार उघडत नाहीये. आतून बंद करून बसलीये दोन दिवस. तुमची कोण ती? खायला ठेवलं, तेही घेत नाही. तुम्ही तरी समजवा तिला. थांबा हं, खिडकीतून फोन देते."

"नको," मी म्हणाले. "नको, देऊ नका..."

पण ती चालायला लागली होती. खडीवर तिची पावलं ऐकू आली. मग काच सरकल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

श्वाससुद्धा नाही.

"बाबा तुझ्याकडे आलेत का?"

अगदी लहान आवाज. रागावलेला नव्हता. दोन दिवस वाट बघून दमलेल्या मुलीचा आवाज होता.

मी "नाही" म्हणाले. खरंच म्हणाले. आणि फोन ठेवून दिला.

त्या कॅरॅव्हॅनचं पुढे काय झालं, मी चौकशी केली नाही. नवरा म्हणतो, कुणीतरी वाईट चेष्टा केली असेल. असेलही.

पण मी 'नाही' म्हणाले, त्यावर तिचा विश्वास बसला की नाही, ते मला कळलेलं नाही. आणि तिला माझा पत्ता माहीत आहे की नाही... तेही.