समासातली नोंद

चर्चच्या ऑफिसात एकोणीस वर्षं कारकुनी करतोय. दाखल्याला आलेल्या माणसाला ताटकळत ठेवण्यात मला मजा येते, हे कबूल करतो. नियम साधा आहे. बाप्तिस्मा जिथं झाला, तिथल्या वहीत माणसाचं नाव. पुढं लग्न कुठंही होवो, मरण कुठंही येवो, तिथलं चर्च आम्हाला कळवतं आणि मी नावाशेजारच्या समासात नोंद करतो. दाखला देताना समासही जसाच्या तसा उतरवायचा.

क्रांती बारदेस्कर वडिलांना घेऊन आली.

"काका, बारा डिसेंबरला चंदगडात लगीन हाय. दाखला आजच पायजे की. आनी तुमच्या पूर्णिमाला करवली म्हणून धाडा."

मी मुद्दाम सावकाश वही उघडली. तिच्या नावाशेजारी लिहिलं होतं: मृत्यू, चंदगड, १२ डिसेंबर. साल यंदाचं. शाई माझ्या पेनाची, अक्षर माझं. मी हे लिहिलं नव्हतं.

"काय अडचण हाय व्हय?" तिचे वडील, अंतोन, टोपी हातात घेऊन उभे होते.

"न्हाय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाची दया आली. समास कोरा असल्याचा दाखला दिला आणि ते गेल्यावर ब्लेडनं नोंद खरवडली.

दुसऱ्या दिवशी, चोवीस नोव्हेंबरला, वही उघडली. क्रांतीचा समास स्वच्छ होता. खालची ओळ पूर्णिमाची. दोघींचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झालेला. तीच नोंद आता माझ्या मुलीच्या नावापुढं होती.

खरवडली. चहा पिऊन आलो तर परत. पुन्हा खरवडली. कागद झिरझिरीत झाला, अक्षरं तशीच.

मग मी पेन उघडलं.

क्रांतीच्या समासात तेच शब्द लिहिले. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याची आजही लाज वाटते.

पूर्णिमाचा समास कोरा झाला.

दोन दिवसांनी अंतोन पेढे घेऊन आले. "तुमच्यामुळं काम झालं बगा, सायेब." मी दोन खाल्ले.

लग्नाला गेलेली पूर्णिमा धडधाकट परत आली. ती अजून कुणाशी बोलत नाही.

पंधरा डिसेंबरला चंदगडहून पाकीट आलं. लग्नाचा नव्हे, क्रांतीच्या मृत्यूचा कागद. सोबत पोचपावती: नोंद केल्याची तारीख लिहून परत पाठवावी.

दाखल्यात एकदा खोटं लिहून बघितलं होतं. या वेळी खरी तारीख लिहिली: चोवीस नोव्हेंबर.

फादरांनी न वाचताच सही केली.