भिंतीपलीकडची गळती

माझ्या नातीचे कान म्हणजे काय सांगू! मुंगीने उसासा टाकला तरी ही दचकते. पोटात होती तेव्हा माझ्या मुलीला चौथ्या मजल्यावरची भांडणं शब्दन्‌शब्द कळायची, इतपत. नोकरीही तशीच लागली, पाणीखात्यात. पहाटे रस्ते शांत असताना लोखंडी सळई घेऊन निघायचं. सळईच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी असते. तिला कान लावायचा आणि जमिनीखालचा नळ कुठे गळतोय ते सांगायचं. खात्यात तिला 'कानोसाबाई' म्हणतात. मी उजव्या कानाने ठार बहिरी. दोघी एका घरात राहतो, त्यामुळे सरासरी ठीक पडते.

तर एका दुपारी कानोसाबाई जेवायला बसली आणि तिचा घास हातातच राहिला.

"आजी... भिंतीत गळतंय."

"गळू दे. आधी जेव."

ती कसली ऐकते! सळई भिंतीला टेकवली, डोळे मिटले, आणि पाना घेऊन थेट शेजारच्या दारात. मी मागोमाग. शेजारी राहायला येऊन दोन महिने झाले होते, पण आम्ही फक्त दाराबाहेरचे त्याचे बूट पाहिले होते. रात्रपाळीवाला माणूस, दिवसा झोपायचा.

दार उघडलं. उंच माणूस, उभे केस, जाड मिशी, गालांवर पट्ट्यांचे लाल वळ आणि गळ्यात सोंडेसारखी लोंबणारी नळी. कानोसाबाई दोन पावलं मागे सरकली. हातातला पाना बघून तो तीन.

"तुमच्या भिंतीत गळती आहे," ती म्हणाली. "सुंऽऽऽ असा आवाज. प्रेशर बरंच आहे."

"ती भिंत नाही हो..." तो ओशाळून म्हणाला. "तो मी आहे."

मग चहा झाला आणि उलगडा झाला. तो ॲम्ब्युलन्स चालवायचा. झोपेत त्याचा श्वास थांबायचा, तासाला चाळीसदा. म्हणून डॉक्टरांनी मशीन दिलेलं. ते नाकावरच्या मास्कमधून हवा आत ढकलतं आणि घसा उघडा ठेवतं. पण स्वारीला झोप लागली की तोंड आपोआप उघडायचं आणि नाकातून गेलेली हवा तोंडातून सुंऽऽऽ करत बाहेर. उठल्यावर घसा जुन्या चपलेसारखा कोरडा.

"तीन आठवड्यांनी मशीनचा रिपोर्ट दाखवायचाय," तो कपाकडे बघत म्हणाला. "सुधारणा नसेल तर साहेब गाडीची चावी काढून घेतील. आणि बरोबरच आहे त्यांचं. एकदा सिग्नलला डोळा लागला माझा. दोन सेकंद. मागे बाळंतपणाची बाई होती. काही झालं नाही, पण... तेव्हापासून मला झोपायची भीती वाटते. आणि न झोपायचीही."

कानोसाबाईने कप खाली ठेवला. का, ते मला ठाऊक होतं. तिचा बाप असाच दुपारी झोपला होता. ही नऊ वर्षांची, शेजारच्या खोलीत चित्रं रंगवत होती. त्याचं घोरणं थांबलं तेव्हा हिला वाटलं, बरं झालं, शांत झालं. शांतच झालं.

त्या दिवसापासून जेवण झालं की ही सळई घेऊन भिंतीशी बसायची. मी विचारलं तर म्हणे, "गळतीवर नजर ठेवायला लागते आजी." नजर! पलीकडे सुंऽऽऽ सुरू झालं की ही भिंतीवर टकटक करायची. तो अर्धवट जागा व्हायचा, तोंड मिटायचा, पुन्हा झोपायचा.

संध्याकाळी जिन्यात गाठ पडायची.

"आज सतरा वेळा ठोकलंत," तो म्हणायचा.

"आज सतरा वेळा गळलात."

"लोकांना गजर उठवतो. मला गप्प करायला माणूस ठेवलंय."

"फुकट आहे म्हणून चाललंय. उद्यापासून बिल पाठवीन."

"पाठवा ना... स्वतः घेऊन आलात तर बरं."

ही लाजून सळई चाचपायची. पण भिंतीशी बसल्यावर तिचा चेहरा बघवायचा नाही. कधीकधी सुंकारही थांबायचा आणि श्वासही. मग तिचे ओठ हलायचे. सात... आठ... नऊ... बोटं सळईवर पांढरी पडायची. पलीकडे श्वास सुरू झाला की मग हिचा.

"पोरी, असं किती दिवस जीव टांगून बसणार?"

"मला नाही माहीत आजी. पण एकदा मी ऐकून सोडून दिलंय."

रिपोर्टला आठ दिवस राहिले आणि त्याचा धीर सुटला. त्याला सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं, म्हणून तोंड जास्तच उघडायचं. सकाळी जिन्यात हसून म्हणाला, "आजपासून तुम्हाला सुट्टी. मी उपाय शोधलाय." काय उपाय, ते सांगेना. घराची चावी मात्र माझ्याकडे ठेवून गेला, तो झोपलेला असताना गॅसचा सिलिंडर येणार होता म्हणून.

दुपारी पाऊस कोसळायला लागला. असा, की आमच्या छपरावर हत्ती नाचताहेत असं वाटावं. कानोसाबाई भिंतीशी बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टकटक नाहीच.

"अगं, थांबली की गळती!" मी टाळी वाजवली. "सुटला बिचारा!"

ती वळली तर तिचा चेहरा चुन्यासारखा.

"आजी, आमच्यात गळतीचा आवाज एकदम थांबला ना, की कुणी खूश होत नाही. गळती आपणहून बुजत नाही. मागून पाणी बंद झालेलं असतं." तिने पुन्हा वाटीला कान दाबला. पावसात काही कळेना. "मशीनची घरघरसुद्धा नाहीये... पंखा! आजी, आपला पंखा कधी बंद पडला?"

वर बघितलं. पंखा थांबलेला. वीज गेली होती आणि पावसाच्या गारव्यात आम्हाला कळलंही नव्हतं.

चावी माझ्या कमरेला होती. ती काढत मी अशी धावले की, खोटं सांगत नाही, अख्खी इमारत हलली. कुलपात चावी जाईना. ही माझ्या हातावर हात ठेवून पुटपुटत होती... चौदा... पंधरा... सोळा...

दार उघडलं. तो पलंगावर अर्धा उठलेला, डोळे बाहेर आलेले, चेहरा जांभळा, बोटं तोंडाशी झटापट करताहेत. तोंडावर खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी, या कानापासून त्या कानापर्यंत! नाक चोंदलेलं, मशीन बंद, आणि झोपेत त्याला पट्टीचं टोक सापडेना.

हिने मास्क ओढला, पट्टीचं टोक धरलं आणि फर्रकन खेचलं.

तो श्वास! त्या श्वासाने खिडकीचा पडदा आत आला, देवाशप्पथ. आणि पट्टीबरोबर अर्धी मिशीही गेली.

"मूर्ख!" ही ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे. "तोंड बंद करायचं होतं तर मी होते ना! मी मरेपर्यंत ठोकत बसले असते! तुझं काही झालं असतं तर मी... मी परत..."

नऊ वर्षांची असताना रडायची राहिली होती, ते सगळं तिथे रडली. तो अर्ध्या मिशीचा माणूस तिचा हात धरून नुसता श्वास घेत राहिला, आत... बाहेर... आत... जणू तिलाच ऐकवत होता.

दुसऱ्या दिवशी मीच दोघांना दवाखान्यात नेलं. मास्क बसवून देणाऱ्या बाईंनी चिकटपट्टीची गोष्ट ऐकून कपाळावर हात मारला.

"अहो, नाक चोंदलंय हे आधी सांगायचं ना! तोंड उघडणारच. आणि तोंड उघडं राहतंय तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असतो की!"

नाकाला औषध मिळालं, मशीनला हवा ओलसर करणारी पाण्याची डबी लागली, मोठा मास्क आला. रिपोर्टच्या दिवशी त्याच्या साहेबांनी गाडीची चावी लगेच दिली नाही. महिनाभर ॲम्ब्युलन्सचे फोन घ्यायला बसवलं, पुढचा रिपोर्ट बघितला आणि मग दिली. ते मला पटलं.

पण इकडे नवीनच पंचाईत. भिंतीपलीकडे आता काही ऐकूच येईना. कानोसाबाई सळई लावायची, काढायची, पुन्हा लावायची. शेवटी त्यानेच तोड काढली. झोपताना भिंतीवर तीन टकटक, उठल्यावर तीन. मधले सहा तास ही मुठी आवळून काढायची.

एका संध्याकाळी तीन टकटक झाल्या आणि थोडं थांबून... चौथी.

ही धावत जिन्यात. तो दारातच उभा, मिशी जेमतेम उगवलेली.

"चौथी कशाची?"

"ही भिंत..." तो अडखळला. "मध्ये नसली तर... तुझं ऐकायचं काम सोपं होईल का?"

माझा डावा कान दाराला चिकटलेला, एक शब्दही सुटू नये म्हणून.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "रोज वाटेल. तुझा श्वास मोजत बसेन मी."

"मोज ना. चुकलो तर ठोक."

आता सळई दाराच्या मागे उभी असते, फक्त नोकरीपुरती. दुपारी तो झोपला की ही शेजारी पुस्तक घेऊन बसते आणि एक हात त्याच्या छातीवर ठेवते. भीती गेली का, असं मी परवा विचारलं.

"नाही गेली," ती हळूच म्हणाली. "पण आता त्याचा श्वासही हाताला लागतो."